दुसऱ्या साक्षीदाराचा नंबर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाल सोलले. पावसाळी दुपार होती. मोड आलेले कडवे वाल कोमट पाण्यात टाकून शेवंता खिडकीपाशी बसली होती, मी समोर. साल चिमटीत धरायचं, डाळिंबी आपोआप बाहेर येते. तिच्या हातून यायची. माझ्या हातून तिचे दोन तुकडे व्हायचे.

"अवो, दाबू नका. नुसतं धरा."

"पोटात गेल्यावर मोडणारच हायत."

"पोटात मोडूदेत. टोपात नको."

तेवढ्यात खिडकीतला तिचा फोन वाजला. मेसेज होता. तिनं मोठ्यानं वाचला, "इस्पितळात लाईट हाय का?" मग उठली, रस्त्यापलीकडे इस्पितळाकडे नीट बघितलं, पदराला हात पुसले आणि सावकाश एकेक बटण दाबून उत्तर लिहिलं. पाठवायच्या आधी मला दाखवलं. "हाय. हे वाल मोडतात."

मी हसलो. ती हसली नाही, पुन्हा सोलायला बसली. दीड तासानं म्हणाली, जरा पडते. पडली ती उठली नाही.

दिवाळी अंकवाल्यांनी मला नोकरीबद्दल लिहायला सांगितलं, आणि मी वालापासून सुरुवात केली. पण माझी नोकरी त्या मेसेजात आहे. तो मेसेज माणसानं पाठवलेला नव्हता. अठरा किलोमीटरवर पोलादपुरात एक मशीन आहे, त्यानं पाठवला. त्या मशीनला विचारायला मी शिकवलं. महाड बुडालं की इस्पितळाचे सगळे कागद ते मशीन पोलादपुरात चालू करतं, पण दोन माणसांनी सांगितल्याशिवाय हलत नाही. एक साक्षीदार इस्पितळाचा वॉचमन गणपत. दुसरी माझी बायको शेवंता. ती गेली तेव्हा पाऊस चालू होता, गांधारी नदी फुगलेली होती आणि मशीनचा दुसरा साक्षीदार नाहीसा झाला होता. एवढं ध्यानात ठेवा, बाकीचं मी सांगतो.

माझं शिक्षण सातवी. इस्पितळात मी जनरेटर चालवायला लागलो. इस्पितळ महाडात, त्याची छोटी शाखा पोलादपुरात. पुढं कॉम्प्युटर आले, त्यांची खोली थंड ठेवायची, धूळ पुसायची, लाल दिवा लागला तर पुण्याच्या मॅडमना फोन करायचा, हे काम माझ्याकडे आलं. मॅडम महिन्यातून एकदा यायच्या. बाई हुशार आणि तोंडानं फटकळ. माझंही तोंड तसंच, म्हणून जमलं.

त्या खोलीत लोखंडी मशीन एकच होतं, पण मॅडम म्हणायच्या सात मशिनं आहेत. मला वाटलं बाई चेष्टा करतात. मग त्यांनी समजावलं तसं तुम्हाला सांगतो. एका घरात सात भाऊ, सात चुली. भिंती एक, छप्पर एक, पण प्रत्येकाचं जेवण वेगळं. तशी त्या एका लोखंडाच्या पोटात सात मशिनं. एक केसपेपरचं, एक रक्त तपासणीचं, एक औषधांचं, आणि एक नुसतं कोठार, जिथून बाकीचे सहाजण सामान आणतात. ही पोटातली मशिनं म्हणजे खरं तर फायली. फायलीची नक्कल काढता येते. म्हणून दर पंधरा मिनिटांनी सातही जणांची नक्कल वायरीवरून पोलादपुरात जायची. महाडात पाणी भरलं की नकला पोलादपुरात उठवायच्या. लोक विचारतात, मशीन वरच्या मजल्यावर का नाही नेत? नेलं. पण लाईट खालून येते आणि जनरेटर खाली आहे. तो काय डोक्यावर घेऊ?

उठवायचं काम हातानं. बेचाळीस पायऱ्यांचा कागद भिंतीला चिकटवलेला. पावसाळ्यात माझी नेमणूक पोलादपुरात, म्हणजे ते माझ्या गळ्यात. एका पुरात फोन बंद, मॅडम पुण्यात, आणि मी तो कागद घेऊन बसलो. महाडचे पेशंट टेम्पोतून वर यायला लागले तसे डॉक्टर ओरडायला लागले. मला वाटलं, आधी केसपेपरचं उठवू, लोकांना पडद्यावर काहीतरी दिसेल. उठवलं. कोठार अजून झोपलेलं. प्रत्येक पेशंटच्या नावापुढं एकच उत्तर, नोंद नाही.

साखरेच्या आजाराची एक म्हातारी होती. महाडात तिला सकाळी इंजेक्शन दिलेलं. इथं पडदा म्हणतोय नोंद नाही. सिस्टरनं सुई भरली. म्हातारी खेकसली, "सकाळीच टोचलंय गो! किती टोचाल?"

ती शुद्धीवर होती म्हणून बोलली. नसती तर? हे मी आजवर शेवंताशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. त्या म्हातारीला ठाऊकही नाही की चूक सिस्टरची नव्हती, माझी होती.

घरी येऊन शेवंताला सांगितलं. ती बालवाडीत शिकवायची, दहावी झालेली. म्हणाली, "चूल पेटायच्या आधी पानं मांडलीत. मग उपाशीच उठणार लोक." पूर ओसरला की महाडात घराघरात सामान माळ्यावरून खाली येतं, त्याला क्रम असतो. आधी चूल, मग पाण्याचं पिंप, मग तांदूळ, गाद्या शेवटी. तो क्रम बायकांच्या डोक्यात असतो, आणि कधी चुकत नाही. मी तोच कागदावर उतरवला. कोठार म्हणजे चूल.

मॅडमना तो कागद दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. म्हणाल्या, "काका, हे हातानं करायचं काम नाहीये. याची स्क्रिप्ट लिहा."

"मी? मला सही करायला अर्धं पान लागतं."

"क्रम तुम्हाला माहीत आहे. मला माहीत नाही. तुम्हीच लिहायची."

स्क्रिप्ट म्हणजे सूचनांचा कागद. एकाखाली एक ओळी. मशीन वरून खाली वाचत जातं आणि तसं करत जातं. शहाणपण त्याचं नाही, तुमचं. तुम्ही गाढवपणा लिहिला तर ते गाढवपणा करेल, तोही झटपट.

बावन्नाव्या वर्षी मी शिकायला बसलो. इंग्रजी अक्षरं ओळखत होतो, पण बटणांवर ती कुठं लपलीत ते सापडायचं नाही. शेवंतानं बालवाडीतला तक्ता घरी आणला, सफरचंद, चेंडू, मांजर असा. मी अक्षर शोधायचो, ती डाळ निवडता निवडता शब्द सांगायची. मला अर्थ माहीत नसायचा, तिला अर्थ माहीत असायचा पण ते कशाला लागतं ते ठाऊक नसायचं. दोघांचं मिळून एक डोकं व्हायचं. एकदा एक अवतरण चिन्ह उघडलं आणि बंद करायचं राहिलं, तर मशीन चार दिवस अडून बसलं. ते तिनं शोधलं. "पोरं पण अशीच करतात, डब्याचं झाकण लावतच नायत."

सगळ्यात आधी मला 'जर' आणि 'नायतर' आलं. जर कोठार उठलं, तर केसपेपर उठव, नायतर थांब आणि पुन्हा बघ. एवढ्या तीन ओळी चालल्या तेव्हा मी खोलीत एकटाच उभा राहून टाळ्या वाजवल्या. बाहेरून कंपाउंडर म्हणाला, "काका, डास लय झालेत काय?"

वर्षभरात बेचाळीस पायऱ्या मशीन स्वतः करायला लागलं. चार तासांचं काम बारा मिनिटांत. मला माज चढला. मग मी एक ओळ वाढवली. महाडच्या मशीनला दर मिनिटाला हाक मारायची. तीन हाकांना ओ आली नाही तर महाड बुडालं असं समजायचं आणि इथं सगळं उठवायचं. माणूस लागतोच कशाला?

पुढच्याच उन्हाळ्यात, कडक ऊन, नदीत गुडघाभर पाणी, हायवेच्या कामावरच्या जेसीबीनं आमची वायर तोडली. महाडचं मशीन ठणठणीत चालू होतं. पण पोलादपूरला ओ ऐकू येईना. तीन हाका झाल्या, मशीननं ठरवलं की महाड गेलं, आणि सातही जणांना उठवलं. आता दोन्हीकडे एकच इस्पितळ दोनदा चालू. दोन्हीकडे नवे पेशंट, दोन्हीकडे तेच नंबर. नाते गावचे एक आजोबा महाडात हर्नियासाठी आले, त्याच नंबरावर पोलादपुरात एक बाई बाळंतपणाला. वायर जोडल्यावर दोघांचे कागद एकात एक मिसळले. आजोबा माझ्यासमोर कागद नाचवत आले. "ए भाऊ, माझं पोट फुगलंय ते कबूल. पण यात लिवलंय सातवा महिना!"

सगळा वॉर्ड हसला. आजोबाही हसले. मला हसू येईना. मॅडम तीन दिवस बसून एकेक कागद वेगळा करत होत्या आणि माझ्याशी बोलत नव्हत्या.

घरी जाऊन मी शेवंताला म्हटलं, आता ती हाकेची ओळ काढून टाकतो, पुन्हा हातानं करतो. ती भाकरी थापत होती. थांबली नाही.

"हाकेला ओ आली नाय म्हणून माणूस मेला असं धरतात काय? आपल्या वाडीत सांगावा कसा येतो?"

आमची बौद्धवाडी नाते गावाच्या अलीकडं. तिथं मयताचा सांगावा एकटा माणूस आणत नाही. दोघं येतात, आणि दोघांनी डोळ्यांनी बघितलेलं असावं लागतं. त्याचं कारण माझे चुलते. मी लहान असताना मुंबईहून आलेल्या एका माणसानं सांगितलं की चुलते कामावर असताना वारले. सगळी वाडी रडली. चुलतीनं तर घर डोक्यावर घेतलं. संध्याकाळच्या एसटीतून चुलते उतरले, हातात आंब्याची पेटी. आपल्याच नावानं रडणं ऐकून पेटी टाकून पळाले. तेव्हापासून जाणत्यांनी ठरवलं, दोघं पाहिजेत.

"मग तुमच्या मशीनला दोघं द्या," शेवंता म्हणाली.

मशीनला मोबाईलची चिप लावली. महाडाकडून तीन हाकांना ओ आली नाही, तर दोन माणसांना मेसेज जाणार. लाईट हाय का? दोघंही नाय म्हणाले तरच उठवायचं. एकजण हाय म्हणाला, किंवा कोणी काहीच बोललं नाही, तर थांबायचं आणि दर पाच मिनिटांनी पुन्हा विचारायचं. पहिला माणूस गणपत, तो गेटवरच असतो. दुसरा कोण? मॅडम म्हणाल्या, साक्षीला एक छोटं मशीन ठेवू. मी म्हटलं, तेही बुडेल. आमची खोली इस्पितळासमोर, दुसऱ्या मजल्यावर. शेवंता बुडत नाही.

"घरच्या माणसाचा नंबर सिस्टीममध्ये टाकायचा?" मॅडम म्हणाल्या.

"ती माझ्यासाठी खोटं बोलत नाय. माझ्याशी पण खोटं बोलत नाय, तेच तर अवघड हाय."

मॅडम कितीतरी दिवसांनी हसल्या. नंबर टाकला.

पहिल्या चाचणीत मी 'पुन्हा विचार' लिहिलं आणि 'पाच मिनिटं थांब' लिहायला विसरलो. एका दुपारी शेवंताच्या फोनवर चारशे मेसेज गेले. ती बालवाडीत होती. फोन थरथरतोय, तापतोय, तिला वाटलं पाणी शिरलं. तिनं तो नेऊन तांदळाच्या डब्यात पुरला आणि वर झाकण लावलं. मी संध्याकाळी घरी आलो तर डबा कुरकुरत होता.

मग खरी परीक्षा आली. तीन दिवस पाऊस, महाडात पाणी, इस्पितळाच्या पायऱ्या गेल्या, जनरेटर गेला. मी पोलादपुरात मशीनपुढं हात मांडीवर ठेवून बसलेलो. हाका झाल्या. मेसेज गेले. गणपतचं उत्तर आलं, "नाय." मग शेवंताचं आलं. मशीन गप्प. उठवेना. टेम्पो भरून पेशंट वाटेत होते. मी नोंदवही उघडली. मशीन प्रत्येक गोष्ट एका नोंदवहीत लिहून ठेवतं. त्यात तिचं उत्तर होतं: "नाय. जिन्यात पानी आलंय मी बरी हाय तुम्ही जेवला का."

मशीनला फक्त 'नाय' ठाऊक. एवढ्या गप्पांचं काय करायचं ते त्याला कळेना, ते बसलं. मी तिथल्या तिथं एक ओळ बदलली. पहिला शब्द घे, बाकीचं सोड. बारा मिनिटांत सात मशिनं उठली. कोठार आधी. पहिला टेम्पो दारात आला तेव्हा डॉक्टरांनी नाव विचारलं आणि पडद्यावर सगळं होतं. कोणालाही दोनदा टोचलं नाही.

चार दिवसांनी घरी आलो तेव्हा मी तिच्यावर चिडलो. "एक शब्द लिहायचा सांगितला होता!"

"तुम्ही जेवला होता का नव्हता?"

"नव्हतो."

"मग?"

त्यानंतर पहिला शब्द मशीनचा आणि पुढचे माझे, असं आमचं ठरलं. ठरवलं असं नाही, तिनं तसं करून टाकलं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तालीम म्हणून मेसेज जायचा. ती लिहायची, "हाय. बोंबील आनलेत." "हाय. पोरीचा फोन आलेला." "हाय. छत्री इसरलात." समोरासमोर ती कमी बोलायची. मी पोलादपुरात बसून नोंदवहीत ते वाचायचो. निवृत्त झालो तरी पावसाळ्याचे चार महिने मशीनची देखभाल माझ्याकडेच राहिली, घरून करतो, मुलीनं दिलेल्या लॅपटॉपवर. मी शेजारी बसलेला असलो तरी ती पुढचं लिहायचीच, आणि मी ते लॅपटॉपवर उघडून वाचायचो. मॅडमना हे ठाऊक होतं. त्या म्हणायच्या, काका, एवढी व्यवस्थित ठेवलेली नोंदवही मी कुठं बघितली नाही. मला एकच रुखरुख आहे. मी तिला त्या वाटेनं कधी उत्तर दिलं नाही. मशीनला परत बोलायला शिकवणं दोन ओळींचं काम होतं.

त्या दुपारी ती पडली आणि उठेना तेव्हा मी हाका मारल्या. किती ते मोजलं नाही. मग खिडकीतून गणपतला ओरडलो. तो डॉक्टरांना घेऊन धावत वर आला. डॉक्टरांनी बघितलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी गणपतकडे बघितलं. तीस वर्षांपासूनचा माझा दोस्त. तो खाली बसला, तिच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "काका, नाय."

दोघं झाले. मग मी मानलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी पनवेलहून वाटेत होती, घाटाच्या अलीकडं रस्ता तुंबलेला. वाडीची माणसं यायची होती. पाऊस थांबला नव्हता. मी शेवंताच्या उशाशी बसलो होतो. वाल तसेच टोपात होते, अर्धे सोललेले. सहाच्या सुमाराला तिचा फोन वाजला.

इस्पितळात लाईट हाय का?

वायर कुठंतरी गेली असणार. गणपतलाही तोच मेसेज गेला असणार. मशीनला काय ठाऊक. पाच मिनिटांनी पुन्हा विचारेल, मग पुन्हा, दिवसभर. ते मीच लिहिलंय. आणि खरंच पाणी भरलं तर ते तिच्या 'नाय'ची वाट बघत बसेल आणि खाली टेम्पोत माणसं.

मी उठलो. खिडकीपाशी गेलो. रस्त्यावर घोटाभर पाणी होतं, इस्पितळाच्या पायऱ्या कोरड्या, वॉर्डात दिवे. नीट बघितलं, तिच्यासारखं. मग तिचा फोन घेतला आणि लिहिलं, "हाय." पुढं काहीतरी लिहावं म्हणून अंगठा तसाच धरून राहिलो. सुचलं नाही. तेवढंच पाठवलं.

मग लॅपटॉप उघडला. स्क्रिप्टमधली शेवंताच्या नंबरची ओळ शोधली. ओळीच्या आधी जाळीसारखं एक चिन्ह टाकलं की मशीन ती ओळ वाचत नाही, पण ती कागदावर राहते. पुसायची नसेल तेव्हा असं करतात. मी चिन्ह टाकलं. खाली नवी ओळ लिहिली, त्यात शेजारच्या नसीमभाभींचा नंबर घातला. त्यांची खिडकी आमच्या खिडकीला लागून आहे, शेवंता माहेरी जायची तेव्हा तिचा फोन त्यांच्याकडेच असायचा. बदल केला की तपासून बघायचं, हा मॅडमचा नियम. मी तालमीचा मेसेज सोडला.

भिंतीपलीकडे फोन वाजल्याचं ऐकू आलं. मग खिडकीची कडी. मग बराच वेळ काही नाही, त्यांनाही बटणं सापडत नाहीत.

नोंदवहीत उत्तर आलं. "हाय. काका चाय आणते दार उघडा."

मशीननं पहिला शब्द घेतला आणि गप्प बसलं. मी पुढचं वाचलं, लॅपटॉप मिटला आणि दार उघडलं.